हजार यार्डांची नेमबाजी शिकायची आहे, कोणती रायफल घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे पुण्याचे, दोन वर्षांपासून इंग्लंडात रेडिंगला नोकरीला. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये .२२ रायफलने पालथे पडून गोळ्या मारल्या होत्या, नंतर संबंध सुटला. पॅरिसला स्वप्नील कुसाळेने पदक घेतले तेव्हापासून ती हौस पुन्हा वर आली आहे. बिझलीची रेंज घरापासून गाडीने फार लांब नाही. तीन हजार पौंड बाजूला काढून ठेवले आहेत. त्यात हजार यार्डांसाठी कोणती रायफल आणि कोणता स्कोप घ्यावा, क्लबात जाणे खरेच गरजेचे आहे का, आणि उद्या पुण्याला परतलो तर हा सगळा खटाटोप वाया जाईल का?

मी बरीच वर्षे बिझलीला नेमबाजी करतो आणि आमच्या क्लबात नव्याने येणाऱ्यांना शिकवतो. दर हंगामात हाच प्रश्न कोणी ना कोणी विचारतो, आणि जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात रायफलपासून असते. तुमचा उत्साह मला मनापासून आवडला, म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचे, कारण त्यानेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलते. आज तीन हजार पौंड घेऊन तुम्ही दुकानात गेलात तरी तुम्हाला रायफल मिळणार नाही. इथे १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली रायफल ठेवायला पोलिसांचे फायरआर्म सर्टिफिकेट लागते, आणि ते द्यायला सबळ कारण लागते. नेमबाजाच्या बाबतीत ते कारण म्हणजे होम ऑफिसने मान्यता दिलेल्या क्लबाचे पूर्ण सदस्यत्व. त्याआधी किमान तीन महिने उमेदवार सदस्य म्हणून देखरेखीखाली शिकावे लागते. पुढे अर्ज, दोन ओळखीच्या माणसांची शिफारस, डॉक्टरकडून माहिती, घरी येऊन चौकशी आणि रायफल ठेवण्याच्या लोखंडी कपाटाची पाहणी. कोणत्या कॅलिबरची, म्हणजे नळीच्या मापाची, रायफल आणि किती काडतुसे जवळ ठेवता येतील हेही त्या कागदावर लिहिलेले असते. तुम्ही देशात नवे असल्यामुळे चौकशीला वेळ लागू शकतो, तेवढा धरून चाला.

तेव्हा क्लब हवाच. चांगली गोष्ट अशी की मान्यताप्राप्त क्लबाच्या सदस्याला रेंजवर, क्लबाच्या देखरेखीखाली, स्वतःचे सर्टिफिकेट नसतानाही क्लबाची रायफल वापरता येते. म्हणजे परवान्याची वाट पाहण्याचे महिने रिकामे जात नाहीत. मी तर म्हणेन की शिकण्यासाठी तेच सगळ्यांत उपयोगाचे महिने असतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारले आहे रायफलबद्दल. खरी अडचण मात्र वाऱ्याची आहे. हे आकड्यांनी सांगतो.

बिझलीला ‘टार्गेट रायफल’ या नेमबाजीच्या प्रकारात सर्रास चालते ती .३०८, तिची गोळी साधारण १५५ ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅमची. नळीतून ती सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. वाटेत वेग कमी होत जातो आणि पोचायला साधारण दीड सेकंद लागतो. तिथे पोचेपर्यंत ती आवाजाच्या वेगाच्या जेमतेम वर असते. या प्रवासात ती आठ-दहा मीटर खाली येते. नवख्या माणसाला हाच आकडा धडकी भरवतो, पण त्याची काळजी करू नका. गुरुत्वाकर्षण रोज तेवढेच असते. एकदा साइटवर, म्हणजे रायफलवरच्या नेम धरायच्या साधनावर, उंचीची खूण सापडली की ती वहीत लिहायची आणि पुढच्या वेळी थोडाफार फरक करून तीच लावायची.

वाऱ्याला अशी खूण नसते. आपण साइट मोजतो ती कोनाच्या मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच, हजारावर साधारण दहा इंच. बाजूने ताशी दहा मैलांचा वारा असेल तर ही गोळी हजार यार्डांवर नऊ-दहा मिनिटे ढकलली जाते, म्हणजे आठ फूट किंवा थोडी जास्तच. डोक्यात ठेवायला सोपे सूत्र असे की ताशी एक मैल वारा म्हणजे एक मिनिट, म्हणजे दहा इंच. बुल, म्हणजे टार्गेटचे मधले वर्तुळ, साधारण दोन फूट रुंद असतो, मध्यापासून कडेपर्यंत फूटभर. तुमचा वाऱ्याचा अंदाज ताशी दोन मैलांनी चुकला तर सुरेख मारलेली गोळीही बुलच्या बाहेर जाते. आणि ताशी दोन मैलांचा फरक म्हणजे काय? गालावर जेमतेम जाणवेल एवढी झुळूक.

याच्या शेजारी रायफलचा हिशेब ठेवा. क्लबाची जुनी पण धड रायफल, बरे काडतूस घातले तर, कोनाच्या एका मिनिटाच्या आसपास गोळ्या एकत्र ठेवते. खूप महागडी रायफल त्या कोनाच्या अर्ध्या मिनिटात ठेवेल. हजार यार्डांवर हा फरक पाच इंचांचा, म्हणजे मध्यापासून मोजला तर अडीच इंचांचा. वाऱ्यातली चूक दोन-तीन फुटांची. अडीच इंचांसाठी सगळे पैसे ओतायचे आणि तीन फुटांसाठी वेळ द्यायचा नाही, हे मला पटत नाही. माझे सगळे सांगणे एवढेच आहे की पहिल्या वर्षाचा पैसा आणि वेळ वारा वाचायला आणि अंग स्थिर ठेवायला द्या. रायफल नंतर घ्या.

हे शिकायचे कसे? माझा क्रम असा असतो.

सुरुवात .२२ ने. एनसीसीत तुम्ही २५ मीटरवर मारले असेल. इथे ५० मीटर आणि १०० यार्डांवर मारा. बहुतेक क्लबांत अँशुट्झ या जर्मन कंपनीची जुनी रायफल असतेच. लोकांना वाटते .२२ म्हणजे पोरखेळ. पण तिची ४० ग्रेनची मॅचची गोळी इतकी हळू जाते की ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात शंभर यार्डांवर ती साडेतीन-चार इंच सरकते. कोनात पाहिले तर .३०८ साधारण पाचशे यार्डांवर जेवढी सरकते तेवढीच. म्हणजे शंभर यार्डांच्या साध्या रेंजवर, स्वस्त काडतुसात, खांद्याला धक्का न बसता तुम्हाला पाचशे यार्डांचा वारा शिकायला मिळतो. स्वप्नीलचे पदक ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने), तेही .२२ चेच. त्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. ज्याला ते जमते त्याच्या अंगात नेमबाजीचा पाया पक्का बसलेला असतो.

या टप्प्यावर मी नवख्याकडून फक्त पालथ्या स्थितीवर काम करून घेतो. डावे कोपर रायफलच्या जवळजवळ खाली, स्लिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, दंडाला घट्ट, उजवा गुडघा किंचित वर म्हणजे पोट जमिनीवर दाबले जात नाही आणि श्वासाने नेम कमी हलतो. मग एक तपासणी. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नेम टार्गेटवरून सरकला असेल तर हाताने रायफल ओढून परत आणू नका. डावे कोपर तिथेच ठेवून कंबर आणि पाय हलवा, म्हणजे अख्खे शरीर वळेल. रायफल हाताने ओढून मारलेली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो, आणि तसे झाले की चूक वाऱ्याची की तुमची हे कळायला मार्गच उरत नाही. लांब पल्ल्यात हे फार महत्त्वाचे आहे. वारा वाचायचा असेल तर प्रत्येक गोळी सुटल्याक्षणी ती कुठे गेली असावी हे तुम्हाला आधी सांगता आले पाहिजे. त्यानंतर टार्गेटवर जो फरक दिसेल तो वाऱ्याचा.

ट्रिगर दाबताना डोळा फोरसाइटवर, म्हणजे नळीच्या टोकाजवळच्या साइटवर, आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर तिथेच. घरी स्वतःची रायफल नसली तरी क्लबात रिकाम्या रायफलने, परवानगी घेऊन, याचा सराव करता येतो. तो कंटाळवाणा वाटेल, तरी करा.

यानंतर .३०८, आधी ३०० यार्ड, मग ५०० आणि ६००. बिझलीला हे सेंच्युरी रेंजवर होते. हजार यार्डांची रेंज वेगळी, तिचे नाव स्टिकलडाउन. तिथे १२०० यार्डांपर्यंत मारतात. तीनशेवर गोळ्या नीट एकत्र पडत नसतील तर हजारावर जाऊन काही शिकायला मिळत नाही. गोळ्या इकडे तिकडे जातात आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो. तीनशेवर कोनाच्या दोन मिनिटांत गोळ्या राहू लागल्या की मी पुढे सोडतो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला करायला लावतो, ती म्हणजे बट्समध्ये मार्किंग. पुष्कळ जण याला वेठबिगारी समजतात. मला मात्र शिकण्यासाठी याच्याइतकी चांगली जागा दुसरी माहीत नाही. टार्गेटच्या खाली, मातीच्या भक्कम बांधाआड तुम्ही बसलेले असता. टार्गेट डोक्यावर उभे. एकदम डोक्यावरून चाबूक ओढल्यासारखा कडाड आवाज येतो, मागच्या वाळूत धूळ उडते. टार्गेट खाली ओढायचे, भोक शोधायचे, त्यात दिसेल अशी गोल चकती खोचायची, आधीच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचा, कडेला गुणांची खूण सरकवायची आणि टार्गेट वर ढकलायचे. हे सगळे काही सेकंदांत. तासभर हे करा आणि प्रत्येक भोक दिसले की एकदा वाऱ्याच्या निशाणाकडे, म्हणजे रेंजवरच्या झेंड्याकडे, पाहा. निशाण जरा ताठ झाले की भोक कसे सरकते, ते पडले की कसे परत येते, हे समोर दिसते. कोणी चांगला नेमबाज मारत असेल तर आणखी एक गोष्ट दिसते: निशाण बदलले, तरी त्याचे भोक जागेवर. म्हणजे त्याने मधल्या वेळात साइट बदलली. त्याने काय पाहून ती बदलली असेल, हे तुम्ही त्याला नंतर चहाच्या वेळी विचारा. लोक आनंदाने सांगतात.

वारा वाचायचा तो तीन गोष्टींवरून. निशाणांवरून दिशा आणि जोर. टेलिस्कोपातून दिसणाऱ्या मृगजळावरून, म्हणजे जमिनीवरच्या गरम हवेच्या लाटांवरून. त्या उकळत्या पाण्यासारख्या सरळ वर जात असतील तर त्या क्षणी आडवा वारा जवळजवळ नाही. आणि गवत, झाडे, अंगावरची झुळूक यांवरून. दिशा घड्याळाच्या काट्यांसारखी बोलतात. तीन वाजताचा वारा पूर्ण आडवा, त्याचा पूर्ण परिणाम. एक वाजताचा, म्हणजे तीस अंशांचा, निम्मा. अवघड वारा तो समोरून किंवा मागून येऊन जरासा इकडे तिकडे हलणारा. जोर तेवढाच, पण दिशा थोडी बदलली की एकदा डावीकडे ढकलतो, एकदा उजवीकडे. अशा वेळी मी नवख्याला थांबायला सांगतो. बिझलीला दोघे-तिघे एकाच टार्गेटवर आळीपाळीने मारतात आणि टार्गेट वर आल्यावर गोळी मारायला ४५ सेकंद असतात. त्यातला बराच वेळ थांबण्यासाठीच वापरायचा असतो.

पतंग उडवणाऱ्याला ठाऊक असते की गच्चीवरचा वारा आणि वरचा वारा वेगळा असतो. इथेही तसेच. हजार यार्डांवर गोळी मधल्या वाटेत नजरेच्या रेषेपेक्षा काही मीटर वरून जाते, आणि तिथला वारा तुमच्या पायाजवळच्या गवताशी जुळेलच असे नाही. म्हणून फक्त जवळचे निशाण पाहू नका.

आणि हे कौशल्य किती वेगळे धरतात याचे उदाहरण म्हणजे सांघिक सामने. तिथे वारा वाचायला स्वतंत्र कोच असतो. तो सांगेल तेवढी साइट फिरवायची आणि गोळी नीट मारायची, एवढेच नेमबाजाचे काम. बिझलीचा असा एक जुना सामना म्हणजे कोलापोर, ३००, ५०० आणि ६०० यार्डांचा, संघात आठ नेमबाज. हा करंडक कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेला, आणि सामना १८७१ पासूनचा. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातला, २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनची, म्हणजे पालथ्या स्थितीची, विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरची, त्यामुळे जुलैत इम्पिरियल मीटिंगला, म्हणजे बिझलीच्या मोठ्या वार्षिक स्पर्धांना, गेलात तर हा सामना जरूर बघा. नेमबाजाच्या मागे बसलेल्या कोचकडे पाहा. त्याचा डोळा टेलिस्कोपावरून क्वचितच हलतो.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते.

तुम्ही स्कोपचे विचारले, म्हणजे तुमच्या मनात एफ-क्लास असावा. टार्गेट रायफलमध्ये स्लिंग, जाड जॅकेट आणि पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून पाहायची साइट. स्कोप चालत नाही. एफ-क्लास या दुसऱ्या प्रकारात पुढे बायपॉड (दोन पायांचा टेका) किंवा रेस्ट, मागे वाळूची पिशवी, वर स्कोप. त्यातला एफ-टीआर हा प्रकार .३०८ किंवा .२२३ पुरता आणि बायपॉडचा, रायफलचे वजन स्कोपसकट ८.२५ किलोपर्यंत. एफ-ओपनमध्ये १० किलोपर्यंत आणि कॅलिबरला बरीच मोकळीक. एफ-क्लासचे मधले वर्तुळ बरेच लहान असते, त्यामुळे टेका मिळाला म्हणून सोपे झाले असे समजू नका. पाठीचा, मानेचा किंवा मनगटाचा त्रास असेल, किंवा चाळिशीनंतर फोरसाइट धूसर दिसत असेल, तर मी सरळ एफ-टीआर सुचवतो. अंग धड असेल तर पहिले वर्ष स्लिंगवर काढा, कारण त्यात स्वतःच्या चुका जास्त स्पष्ट कळतात. चष्मा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरला सांगा की नजर फोरसाइटच्या अंतरावर स्थिरावली पाहिजे. रोजचा चष्मा पालथे पडल्यावर भिंगाच्या भलत्याच भागातून पाहायला लावतो.

घरात लहान मुले असतील, भाड्याचे घर असेल, वर्षा-दोन वर्षांत शहर बदलायचे असेल, तर स्वतःची रायफल घेण्याची घाई आणखी कमी करा. कपाट भिंतीला बसवायला घरमालकाची परवानगी लागेल, पत्ता बदलला की पोलिसांना कळवावे लागेल. बिझलीला रायफल भाड्यानेही मिळते, पण स्वतंत्रपणे मारण्याआधी तुमची सक्षमता क्लबाने किंवा संघटनेने प्रमाणित केलेली असावी लागते.

तुमचे तीन हजार पौंड मी असे लावेन. क्लबाची वर्गणी आणि शिकाऊ अभ्यासक्रम. कानांचे चांगले संरक्षण, यात काटकसर नको; .३०८ च्या आवाजाने झालेले नुकसान भरून येत नाही. सेकंडहँड जॅकेट, हातमोजा, स्लिंग आणि चटई. बिझलीच्या आसपास जुने सामान पुष्कळ फिरते, जॅकेट मात्र घालून, पालथे पडून बघितल्याशिवाय घेऊ नका. स्टँडसकट एक बरा स्पॉटिंग स्कोप, मृगजळ स्पष्ट दाखवणारा. एक जाड वही. उरलेला मोठा भाग काडतुसांना आणि रेंजच्या भाड्याला. त्या वहीत प्रत्येक गोळीला तीन नोंदी करा: साइटवर किती वारा लावला होता, गोळी सुटताना तुम्हाला ती कुठे वाटली, आणि प्रत्यक्षात कुठे पडली.

वर्षभराने रायफल घ्याल तेव्हा .३०८ च घ्या. ६.५ मिलिमीटरच्या काही काडतुसांची गोळी वाऱ्यात कमी हलते हे खरे, पण त्यांतल्या जोरकस काडतुसांनी नळी लवकर झिजते, आणि टार्गेट रायफल किंवा एफ-टीआरच्या सामन्यांत ती चालतही नाहीत. .३०८ ची नळी काही हजार गोळ्या सहज टिकते. तयार मॅच काडतूस सगळीकडे मिळते, आणि शेजारी पडलेल्या अनुभवी माणसाला तिचा वारा तोंडपाठ असतो. हा शेवटचा फायदा मी सर्वांत मोठा समजतो.

राहिला पुण्याचा प्रश्न. इथली रायफल सोबत नेता येईल असे गृहीत धरू नका. भारतात रायफल आयात करण्याची सवलत सर्वसाधारण हौशी माणसाला नाही, ती ठरलेल्या पात्रतेच्या नेमबाजांपुरती आहे. हजार यार्डांची नागरी नेमबाजीही तिकडे इथल्यासारखी रुजलेली नाही. पण बालेवाडीला १० आणि ५० मीटरची सोय आहे, आणि ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. १० मीटरवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो आणि मारायचे उभ्याने. तुमची पालथी स्थिती तिथे थेट उपयोगी पडणार नाही, पण ट्रिगर, नजर, गोळी सुटताक्षणी ती कुठे गेली हे सांगण्याची सवय आणि ती वही, हे सगळे जसेच्या तसे चालेल. पुढे ५० मीटर प्रोनकडे वळलात तर वाराही. तिथल्या कोचला पहिल्याच दिवशी सांगा की प्रोन येते, उभ्याने अजून शिकायचे आहे. ते कुठून सुरुवात करायची ते ठरवतील.